मोकळा दिवस मोकळाच राहू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ येऊ लागला की आपल्या दैनिकाच्या पानांवर विदेश सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्या वाचणारे आता केवळ नागपूर-अमरावतीचे राहिलेले नाहीत. दारव्हा, दिग्रस, कारंजा, पुसद या गावांतून आणि त्यांच्या भोवतीच्या खेड्यांतून निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बऱ्यापैकी जमीन राखून असलेले शेतकरी आणि पुण्या-बंगळुरूला नोकरीस असलेल्या मुलांचे आईवडील अशा सहलींना जाऊ लागले आहेत. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या दिवसासमोर ‘मोकळा दिवस’ किंवा ‘आपल्या आवडीने शहर पाहा’ अशी एक ओळ छापलेली असते. त्या ओळीविषयी मला लिहायचे आहे. सबंध सहलीत प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाचा जो दिवस असतो तोच कंपन्या सर्वांत निष्काळजीपणे आखतात, आणि आपण प्रवासीही तो मुकाट्याने हातचा जाऊ देतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गेल्या मे महिन्यात मी व माझी पत्नी मध्य युरोपच्या एका सहलीला गेलो होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण इतर कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्यांशी बोलल्यावर रीत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असल्याचे आढळले. प्राग व व्हिएन्ना करून आमची बस हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे पोचली. तेथे एक दिवस शहरदर्शनाचा आणि त्यानंतरचा दिवस मोकळा, असे पत्रिकेत होते. शहरदर्शनाच्या रात्री जेवण चालू असताना सहलप्रमुखाने जाहीर केले की उद्या नुसते बसून करणार काय, म्हणून शहराबाहेरच्या कमी दराच्या कपड्यांच्या दुकानांची फेरी ठेवली आहे, त्याचे माणशी पैसे वेगळे द्यावे लागतील, आणि जे येणार नाहीत त्यांनी हॉटेल सोडून फार लांब जाऊ नये. सभागृहातील बहुतेकांनी लगेच होकार दिला. आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ, स्वतः चांगले बागायतदार, मला म्हणाले, “गुरुजी, एवढे लाख मोजून आलो ते काय बाकड्यावर बसायला?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. सहलीचा पैसा ज्या घरात ग्रॅच्युइटीतून येतो, किंवा तुरीला बरा भाव मिळालेल्या एखाद्या वर्षातून बाजूला पडतो, त्या घरातला माणूस प्रत्येक तासाचा हिशेब मागणारच. माझी हरकत हिशेबाला नाही, तो कसा मांडला जातो याला आहे. सामुदायिक सहलीचा भरगच्च दिवस जरा नीट आठवून पाहावा. पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, न्याहारी उरकून बसमध्ये बसायचे, दुपारपर्यंत महामार्ग, मग प्रसाधनगृहापुढची रांग, आणि शहरात शिरल्यावर काचेतून उजवीकडे ही इमारत, डावीकडे तो पुतळा. ज्या ठिकाणी खाली उतरतो त्याला ‘फोटो स्टॉप’ हे नाव आहे आणि ते अगदी चपखल आहे, कारण तेवढ्या वेळात फोटोखेरीज काही होत नाही. त्या दिवसांत दहा ठिकाणे झाली असे घरी येऊन सांगता येते. त्यांतील एकाही ठिकाणी आपण स्वतःहून वळलो, थांबलो, कोणाशी बोललो किंवा काही विकत घेताना भाव विचारला असे सहसा घडत नाही.

एक उदाहरण देतो. बुडापेस्टच्या संसद भवनाजवळ डॅन्यूब नदीच्या काठावर लोखंडात घडवलेले साठ जोड बूट ओळीने ठेवलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथील ‘ॲरो क्रॉस’ नावाच्या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना या काठावर उभे करून, पायांतले बूट काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत पडू दिली. त्यांच्या स्मरणार्थ २००५ साली हे स्मारक उभे राहिले. शहरदर्शनाच्या दिवशी आमच्या गटाला तेथे काही मिनिटे मिळाली. माहिती सांगून होण्याआधीच निम्मे लोक बुटांच्या ओळीपाशी वाकून, हसून, छायाचित्रे काढून मोकळे झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण कशापुढे उभे आहोत हे कळण्याइतका वेळच त्यांना दिला गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तेथे पुन्हा गेलो आणि मागच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो. त्या ओळीत लहान मुलांचेही बूट आहेत, हे आदल्या दिवशी आमच्या लक्षात आले नव्हते. एक तरुण मुलगी आली, तिने एका बुटात छोटी मेणबत्ती ठेवली आणि ती निघून गेली. बागायतदार मित्रांना एवढेच सांगायचे आहे की सहलीच्या खर्चाचा हिशेब लावायचाच असेल तर हे दोन दिवस शेजारी शेजारी मांडून लावावा.

आमचा तो मोकळा दिवस शक्य झाला त्याला मुख्य कारण हॉटेलची जागा होते. या एका गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने लिहितो. प्राग आणि व्हिएन्ना या दोन्ही ठिकाणी आमचा मुक्काम शहराबाहेर, महामार्गालगतच्या हॉटेलात होता. खोल्या स्वच्छ, न्याहारी भरपूर, बस लावायला ऐसपैस जागा; परंतु फाटकाबाहेर पडले की समोर गोदामे आणि मालमोटारी. अशा ठिकाणी छापलेला मोकळा दिवस हा कागदावरचाच मोकळा दिवस असतो. तेथून शहरात यायचे तर टॅक्सीला इतके पैसे पडतात की त्यापेक्षा जास्तीच्या सहलीचे पैसे भरलेले परवडतात, आणि बहुधा हे गणित कंपनीलाही ठाऊक असते. बुडापेस्टला मात्र, नेहमीचे हॉटेल भरलेले असल्यामुळे असे नंतर कळले, आमची व्यवस्था शहराच्या आत, पेस्ट, म्हणजे नदीच्या पूर्वेकडील, बाजूच्या गोलाकार हमरस्त्यावर झाली होती. त्या रस्त्यावरून चार आणि सहा क्रमांकाच्या पिवळ्या ट्राम दर काही मिनिटांनी जातात. दारातून बाहेर पडलो आणि शहरातच होतो. जे व्हायला हवे ते योगायोगाने झाले, आणि म्हणूनच ते योगायोगावर सोडू नये असे मला वाटते.

भाषेची भीती सर्वांनाच असते. हंगेरियन भाषा आपल्या कानांना पूर्णपणे अनोळखी आहे आणि रस्त्यावरची पाटी वाचून उच्चार जमत नाही, हे खरे. परंतु शहराच्या वाहतुकीला भाषा फारशी लागत नाही. ट्रामच्या थांब्यावरील जांभळ्या यंत्रात इंग्रजी निवडून चोवीस तासांचे तिकीट काढता येते आणि ते ट्राम, बस, मेट्रो सगळ्यांना चालते. सुटे कागदी तिकीट घेतले तर ते खांबावरच्या किंवा डब्यातल्या छोट्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. काही गाड्यांचे दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे, डावी बाजू घाईतल्या लोकांसाठी सोडायची. नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे, बाटली विकत घ्यावी लागत नाही. सार्वजनिक प्रसाधनगृहाला नाणी लागतात. हंगेरी २००४ पासून युरोपीय संघात असली तरी तेथील चलन युरो नसून फोरिंट आहे. ही सगळी माहिती अर्ध्या पानात मावते. ती मराठीत छापून हातात दिली असती तर ‘लांब जाऊ नका’ हे सांगण्याची सहलप्रमुखाला गरज पडली नसती. मला ती हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलाने, नकाशावर पेनाने खुणा करीत, समजावून दिली. एस.टी.ने आर्णी, पुसद, माहूर असे टप्पे बदलत प्रवास केलेल्या माणसाला ट्राम बदलणे अवघड नाही. त्याला फक्त तिकिटाची रीत अगोदर ठाऊक हवी.

आम्ही न्याहारी करून सावकाश निघालो. ऑक्टोगोन नावाच्या चौकातून भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका पकडली. ही मार्गिका मे १८९६ मध्ये सुरू झाली आणि युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली भुयारी रेल्वे. मग्यार, म्हणजे हंगेरियन लोकांच्या, टोळ्या या प्रदेशात येऊन स्थिरावल्याला हजार वर्षे झाली म्हणून त्या वर्षी शहरात मोठा उत्सव झाला आणि त्यानिमित्त हे काम पुरे करण्यात आले. जमिनीखाली थोड्याच पायऱ्या उतरल्या की फलाट लागतो. पांढऱ्या-तपकिरी फरशांच्या भिंती, लाकडी चौकटीच्या जुन्या तिकीट खिडक्या, आणि ठेंगणे पिवळे डबे. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी लोक तिच्यातून रोज कामावर जातात. ती आणि तिच्या वरचा आन्द्राशी मार्ग यांना २००२ साली जागतिक वारसा स्थळात स्थान मिळाले. ज्या दारव्ह्यात शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवर आता गवत माजले आहे तेथून आलेल्या माणसाच्या मनात त्या डब्यात बसून काय काय आले असेल, ते विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

शहर उद्यानाच्या थांब्यावर उतरलो. तेथील सेचेनी स्नानगृह १९१३ सालचे. भूगर्भातून येणाऱ्या गरम पाण्याच्या कुंडांत छातीइतक्या पाण्यात उभे राहून म्हातारे लोक बुद्धिबळ खेळतात, अशी त्याची ख्याती. बुडापेस्टच्या जमिनीखाली गरम पाण्याचे शंभराहून अधिक झरे आहेत आणि शहराचे निम्मे आरोग्यशास्त्र त्यांवर चालते. आत जाण्याविषयी, विशेषतः तेथील पोशाखाविषयी, आमच्या घरात एकमत न झाल्यामुळे तो विषय तेथेच संपला.

मला ओढ होती ती त्याच उद्यानातल्या कृषी संग्रहालयाची. त्याचे नाव कोणत्याही सहल पत्रिकेत मी पाहिलेले नाही. तळ्याकाठी वायदाहुन्याद नावाचा एक किल्ल्यासारखा वाडा आहे. तो १८९६ च्या उत्सवासाठी प्रथम लाकूड व पुठ्ठ्याने तात्पुरता बांधला होता. लोकांना तो इतका आवडला की पुढे दगडा-विटांनी पक्का बांधण्यात आला. आमच्या गटाला आदल्या दिवशी हा वाडा बाहेरून दाखवला गेला आणि आत शेतीचे संग्रहालय आहे हे कोणी सांगितले नाही. आमच्या बसमध्ये अर्ध्याहून अधिक लोक शेतीवाडीचे होते! आत नांगरांची, गुरांच्या आणि घोड्यांच्या जातींची, द्राक्षशेतीची, मासेमारीची दालने आहेत. हंगेरीच्या करड्या रंगाच्या, लांबच लांब शिंगांच्या मूळ जातीच्या गाईबैलांपुढे मी पुष्कळ वेळ थांबलो. शेतीकामातून बैल गेल्यावर ही जात नामशेष व्हायच्या बेतात आली होती, आता ती जाणीवपूर्वक जपली जाते. आपल्याकडे गवळाऊ जातीचे जे चालले आहे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे दालन अवश्य पाहावे. माझी पत्नी दोन दालनांनंतर बाहेर तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसली आणि मला कोणी शिट्टी मारून परत बोलावले नाही, हाही मोकळ्या दिवसाचाच भाग. वाड्याच्या अंगणात अनोनिमस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन बखरकाराचा पुतळा आहे. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही म्हणून चेहरा टोपीआड झाकलेला. त्याच्या हातातील लेखणीला स्पर्श केला की लिहिणे सुधारते असा समज असल्याने ती लेखणी लोकांच्या हातांनी घासून चकचकीत झाली आहे. मीही स्पर्श केला. त्याचा परिणाम या पत्रावरून वाचकांनी ठरवावा.

दुपारी मध्यवर्ती बाजार गाठला. हे माझ्या पत्नीने ठरवले होते, आणि सबंध सहलीत तिने काही ठरवण्याची ती पहिलीच वेळ होती, हे येथे नमूद केले पाहिजे. गटाच्या सहलीत बायकांना कोणी विचारत नाही. कोठे थांबायचे ते प्रमुख ठरवतो आणि कोठे खरेदी करायची ते कंपनी. १८९७ सालचा हा बाजार लोखंडी सांगाड्यावर उभा आहे आणि वर रंगीत कौलांचे नक्षीदार छप्पर आहे. मधून चालायला रुंद वाट, दोन्ही बाजूंना मांसाची, भाज्यांची, फळांची दुकाने, तळघरात मासे आणि लोणची, वरच्या मजल्यावर खाण्याचे ठेले व भेटवस्तू. मे महिना असल्याने स्ट्रॉबेरी, लाल मुळे, हिरवा कांदा आणि आपण ज्याला नवलकोल म्हणतो त्याचे ढीग होते. लसणाच्या वेण्या टांगलेल्या होत्या. परंतु आमचे पाय थांबले ते सुक्या मिरच्यांच्या माळांपाशी.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली आणि हंगेरीत ती तुर्की अमलाच्या काळात पोचली. आज त्या देशाचे स्वयंपाकघर तिच्यावाचून चालत नाही. सेगेड आणि कलोचा हे दक्षिणेकडील दोन भाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत, जसे आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळालेले भिवापूर. सेगेडच्याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने स्थानिक मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानदार बाई वयस्क होती, तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, माझ्या पत्नीला मुळीच येत नाही. त्या दोघींचा व्यवहार पुष्कळ वेळ चालला. पत्नीने पूड चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि निकाल दिला की रंग उत्तम आहे पण तिखट म्हणता येणार नाही. बाईने हे तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखले असावे. तिने मागच्या फळीवरून दुसरा डबा काढून चिमूटभर दिली आणि आमच्याकडे रोखून पाहत राहिली. विदर्भातल्या बाईने ती सहज खाल्लेली पाहून तिने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. नंतर माझ्या लक्षात आले की तेथे गोड, मध्यम आणि तिखट अशा प्रती वेगवेगळ्या विकल्या जातात, प्रत्येक पिशवीवर प्रत व गाव लिहिलेले असते, आणि छोट्या कापडी पिशवीतल्या पुडीला परदेशी पाहुणे आनंदाने चांगला भाव देतात. भिवापूरच्या मिरचीला किंवा वायगावच्या हळदीला मानांकन मिळूनही नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याच्या हाती ती अशी सहज का पडत नाही, हा प्रश्न त्या बाजारात उभे राहून जितका टोचतो तितका कोणत्याही कार्यशाळेत टोचत नाही. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

खाण्याची चिंता शाकाहारी माणसाला असतेच. वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, म्हणजे आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी पुरी, तिच्यावर लसणाचे पाणी, आंबट मलई आणि किसलेले चीज. ती कशात तळतात हे विचारून घ्यावे, कारण जुन्या पद्धतीत चरबी वापरली जात असे; आम्हाला तेल असल्याचे सांगितले. थंड फळांचे सूप, खसखस किंवा चेरी भरलेल्या पातळ पदराच्या गोड वड्या यांवर दिवस निघतो. एका दुपारचे जेवण आपले आपण शोधले म्हणून कोणी उपाशी राहत नाही. रात्रीच्या भारतीय जेवणासाठी बसने तासभर हिंडण्यापेक्षा ते बरे, असे मी तरी म्हणेन, यावर मतभेद असू शकतात.

बाजाराच्या समोरच हिरवा स्वातंत्र्य पूल आहे, १८९६ चा. १९४५ च्या जानेवारीपर्यंत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बुडापेस्टचे सर्व पूल उडवले होते. त्यांत १८४९ सालचा प्रसिद्ध साखळी पूलही गेला आणि हाही. हा सर्वांत आधी, पुढच्याच वर्षी, पुन्हा उभा राहिला. आम्ही तो चालत ओलांडला आणि तसेच परत आलो. बुडा आणि पेस्ट ही १८७३ पर्यंत वेगळी नगरे होती, हे पुस्तकात वाचलेले पुलाच्या मध्यावर उभे राहिले की डोळ्यांना दिसते: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. तेथून दोन क्रमांकाची ट्राम धरली. ती पेस्टच्या काठाने साखळी पुलाखालून संसद भवनापर्यंत जाते, आणि नदीतल्या बोटीतून जे दाखवले जाते त्यातील बरेच ती शहर वाहतुकीच्या तिकिटात दाखवते. संसद भवन १९०४ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या घुमटाची उंची ९६ मीटर आहे, ती मग्यार लोकांच्या आगमनाच्या ८९६ या वर्षाची खूण. काठावरच्या बुटांकडे आम्ही गेलो ते याच वेळी. मे महिन्यात तेथे सूर्य आठच्या पुढे मावळतो, त्यामुळे घाई कशाचीच नव्हती.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही, मला आधीपासून ठाऊक होती म्हणून मी ती पत्नीला सांगितली. चित्रकार अमृता शेरगिल हिचा जन्म १९१३ साली याच शहरात झाला. आई हंगेरियन, वडील शीख. तिचे बालपण हंगेरीत गेले, आणि पुढे भारतात आल्यावर अजिंठ्याची लेणी पाहून तिच्या चित्रांनी वेगळे वळण घेतले. तेथील भारतीय दूतावासाच्या सांस्कृतिक केंद्राला तिचे नाव आहे. महाराष्ट्रातून आलेल्या बसमध्ये याचा एका वाक्यानेही उल्लेख होऊ नये आणि कपड्यांच्या दुकानांची माहिती मात्र दोनदा सांगितली जावी, यावर मी आणखी काही लिहीत नाही.

सहलप्रमुखांची बाजूही आहे. चाळीस माणसे, त्यांत कोणाला मधुमेह, कोणाचे गुडघे, कोणाला पासपोर्ट कोठे ठेवला ते आठवत नाही. त्यांतला एक जरी चुकला तरी जबाबदारी त्याच्यावर येते. त्याचा पगारही अनेकदा जास्तीच्या सहलींच्या विक्रीवर अवलंबून असतो, असे त्यांच्यापैकीच एकाकडून कळले. त्यामुळे त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. ज्यांना दुकानांना जायचे त्यांनी जावे, ज्यांना खोलीत पाय पसरून झोपायचे त्यांनी झोपावे. आठवडाभर बसमध्ये बसून सुजलेल्या पायांना तेही हवे असते. परंतु ज्याला शहरात जायचे आहे त्याला घाबरवू नये, आणि त्याच्यासाठी थोडी तयारी कंपनीने आधीच करावी. मोकळा दिवस जेथे असेल तेथले हॉटेल ट्राम किंवा मेट्रोच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. तो दिवस शक्यतो रविवार किंवा सोमवार नसावा, कारण युरोपात पुष्कळ दुकाने रविवारी बंद असतात आणि पुष्कळ संग्रहालये सोमवारी. तो शेवटच्या दिवशी, बॅगा भरण्याच्या गडबडीतही ठेवू नये. दिवसभराचे वाहतुकीचे तिकीट, हॉटेलचा पत्ता स्थानिक भाषेत लिहिलेले कार्ड आणि एक चालू दूरध्वनी क्रमांक हाती दिला, तर आमच्यासारखी माणसे संध्याकाळी आपली आपण परत येतात.

प्रवाशांनीही पैसे भरण्याआधी विचारायला हवे. आपण विमान कोणते, जेवण जैन मिळेल का, हे बारकाईने विचारतो. मोकळ्या दिवशीचे हॉटेल शहराच्या कोणत्या भागात आहे आणि तो वार कोणता, हे कोणी विचारत नाही. उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. छापील पत्रिका हा आपल्या व्यवहाराचा पुरावा असतो. त्यात लिहिलेला दिवस कंपनीने परस्पर बदलला, किंवा जास्तीच्या पैशांची सहल घेण्यावाचून पर्याय ठेवला नाही, तर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईला असले म्हणून मुंबईला जावे लागत नाही, यवतमाळला चालते. तक्रारीपूर्वी सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत विदेशातील स्थळांची वर्णने नेहमी येतात आणि ती बहुतेक गटाने पाहायच्या स्थळांचीच असतात. त्याऐवजी, किंवा त्यांच्या जोडीला, आपल्या भागातील लोक ज्या शहरांना अधिक जातात त्या सिंगापूर, बँकॉक, दुबई, पॅरिस, व्हिएन्ना अशा शहरांसाठी मोकळ्या दिवशी उपयोगी पडेल अशी साधी माहिती द्यावी: तिकीट कोठे व कसे काढायचे, बाजार कोणत्या वारी बंद, शाकाहारी काय मिळते, बसायला सावली कोठे आहे. ज्या कंपन्यांच्या जाहिराती आपण छापता त्यांच्याकडून मोकळ्या दिवशीच्या हॉटेलची जागा जाहिरातीतच छापून घेता आली तर अधिकच उत्तम. उन्हाळी सहलींची नोंदणी आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास सुरू होते, तेव्हा ही माहिती डिसेंबरच्या आत आली तर ती यंदाच जाणाऱ्यांच्या कामी येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ